ब्रिटिश संसदीय वादविवाद

विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय वादविवाद स्पर्धांमध्ये सर्वाधिक रुळलेली पद्धत, बोलीत ‘बीपी’. जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा, म्हणजे ‘वर्ल्ड्स’, १९८१ साली ग्लासगोत सुरू झाली आणि आज ती याच पद्धतीने खेळली जाते. २०१४ ची स्पर्धा चेन्नईत झाली होती.

एका सामन्यात चार संघ असतात, प्रत्येकी दोन वक्त्यांचे. दोन संघ सत्ताधारी बाजूला, दोन विरोधी बाजूला. आधी बोलणारे ‘ओपनिंग’, नंतरचे ‘क्लोजिंग’. बाजू आपण निवडायची नसते, ती वाट्याला येते. प्रस्ताव जाहीर झाला की तयारीला १५ मिनिटे. या वेळात फक्त जोडीदाराशी बोलायचे. कागदावरची टिपणे चालतात, इंटरनेट चालत नाही.

प्रत्येक भाषण ७ मिनिटांचे. पहिले आणि शेवटचे मिनिट सुरक्षित. मधल्या ५ मिनिटांत समोरच्या बाजूचा वक्ता उठून १५ सेकंदांपर्यंतचा मुद्दा मांडू पाहतो, त्याला ‘पीओआय’ म्हणतात. तो घ्यायचा की नाकारायचा हे बोलणाऱ्याने ठरवायचे. एकही न घेणे महागात पडते: वक्ता आपली मांडणी तपासू द्यायला तयार नाही, असा परीक्षकांचा समज होतो. शेवटी चारही संघांना क्रम लावून ३, २, १, ० गुण देतात. म्हणजे आपल्याच बाजूच्या दुसऱ्या संघालाही मागे टाकायचे असते, आणि तेही त्याची मांडणी न खोडता.

क्लोजिंगचे संघ सर्वांत जास्त अडखळतात ते इथेच. समजा, प्रस्ताव आहे: ‘ठाणे खाडीकाठच्या पाणथळ जागांवर बांधकामास कायमची बंदी असावी.’ ओपनिंग सत्ताधारी संघ फ्लेमिंगो, २०२२ मध्ये खाडीला मिळालेला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता) आणि पुराचा धोका मांडून मोकळा होतो. क्लोजिंगने पुन्हा फ्लेमिंगोच आळवले, तर कितीही सुंदर बोलले तरी शेवटचा क्रमांक ठरलेला. त्याने नवा मुद्दा, म्हणजे ‘एक्स्टेन्शन’, आणायला हवे. उदाहरणार्थ, नवी मुंबईतल्या दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळ्यांची मासळी खारफुटीच्या आसऱ्याने वाढते. पण खाडी कुणाच्याही सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे भराव टाकल्यावर जमीनमालकाला मोबदला मिळतो, कोळ्याला त्याच हक्काने तो मागता येत नाही. हा मुद्दा नवा आहे, ओपनिंगशी सुसंगत आहे आणि नुकसान नेमके कुणाचे हे दाखवतो. विरोधी बाजूच्या शेवटच्या वक्त्याला, प्रतोदाला, मात्र नवा मुद्दा आणता येत नाही. त्याचे काम झालेल्या वादातल्या दोन-तीन मुख्य प्रश्नांवर आपला संघ का सरस ठरला हे दाखवण्याचे.

ठाणे-नवी मुंबईतली बरीच मुले शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांतून इकडे येतात. पाठांतर, सुभाषिताने सुरुवात, टाळ्यांची जागा ही तिथली शिदोरी. आवाज आणि सभाधीटपणा इथेही उपयोगी पडतो, पण परीक्षक ‘असे का होईल?’ आणि ‘झाले तर काय बिघडते?’ याची उत्तरे शोधत असतो. प्रत्येक विधानामागे कारणांच्या दोन-तीन पायऱ्या नसल्या, तर सफाईदार भाषणही तिसरे येते.

वर्ल्ड्समध्ये प्राथमिक ९ फेऱ्या होतात. पहिलीनंतर समान गुणांचे संघ समोरासमोर येतात, म्हणून सुरुवातीला ३ गुण मिळवलेला संघ पुढच्या खोलीत अचानक चाचपडू लागतो. यात खचण्यासारखे काही नाही. शेवटच्या ३ फेऱ्यांचे निकाल लगेच सांगत नाहीत. त्यानंतर ४८ संघ बाद फेरीत जातात: पहिले १६ थेट उपउपांत्यपूर्व फेरीत, उरलेले ३२ आधी एक सामना खेळून. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांसाठी स्वतंत्र गट असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी त्याची पात्रता नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावी.

सरावाला सभागृह लागत नाही. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलने साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात जोडीने दोन प्रस्तावांची पूर्ण तयारी होते, जाताना एका बाजूची, येताना उलट बाजूची.