बाय समाजाचा जलदीपोत्सव

चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतात राहणाऱ्या बाय लोकांचा, मृतांच्या स्मरणार्थ पाण्यावर दिवे सोडण्याचा सण. २०२० च्या जनगणनेनुसार बाय लोकांची संख्या सुमारे २१ लाख असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक दाली बाय स्वायत्त विभागात, त्सांगशान पर्वत आणि अरहाय सरोवर यांच्या परिसरात राहतात. अरहाय सुमारे १,९७० मी. उंचीवर असून त्याचे क्षेत्रफळ अंदाजे २५० चौ. किमी. आहे. ‘हाय’ म्हणजे समुद्र. खऱ्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणारे हे लोक आपल्या तळ्यांना समुद्रच म्हणतात आणि त्यांवर सोडलेल्या दिव्यांना ‘सागरदीप’.

हा सण चिनी चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात येतो. हा महिना बहुधा आपल्या श्रावणाशी जुळतो आणि अधिकमासाच्या फरकामुळे एखाद्या वर्षी भाद्रपदाशी. या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास चीनभर मृतांचे स्मरण केले जाते. त्याला बौद्ध परंपरेत उल्लंबनाची कथा जोडलेली आहे : प्रेतयोनीत उपाशी तळमळणाऱ्या आईच्या मुक्तीसाठी बुद्धशिष्य मौद्गल्यायनाने वर्षावास संपताना भिक्षुसंघाला अन्नदान केले. दाली भागात या कथेला पोषक भूमी आधीपासूनच होती. तेथील तांत्रिक बौद्ध पुरोहितांना ‘आझाली’ म्हणत. हा शब्द संस्कृत ‘आचार्य’चेच रूप आहे. मिंग काळापर्यंत (१३६८–१६४४) येथे मृतांचे दहन करण्याची चाल होती आणि दहनानंतरच्या समाध्यांच्या शिळांवर संस्कृत धारणी (बौद्ध मंत्र) कोरलेल्या आढळतात.

अनेक बाय गावांत महिन्याच्या पहिल्या दिवशी पितरांना घरी बोलावतात आणि चौदाव्या दिवशी निरोप देतात. मधल्या दिवसांत देव्हाऱ्यापुढे जेवण, चहा आणि फळे ठेवतात. निरोपाच्या संध्याकाळी कागदी पुडकी जाळतात. प्रत्येक पुडक्यात कागदाची नाणी आणि सोन्यारुप्याच्या कागदाच्या घडीव विटा असतात. वरच्या बाजूस ते कोणत्या पितराला पाठवायचे त्याचे नाव आणि पाठवणाऱ्या वंशजाचे नाव नीट अक्षरांत लिहिलेले असते. नाव चुकले तर पुडके भलत्याच्याच हाती पडेल, अशी समजूत असल्याने हे लेखन घरातले जाणते माणूस लक्षपूर्वक करते. अंगणात पुडकी जळून काळी पडली, की पितर तृप्त होऊन परतले असे मानतात.

या सणाचे मर्म अग्नी आणि पाणी यांच्या वाटणीत आहे. नाव लिहून जाळलेले पुडके आपल्याच कुळाला पोचते. पाण्यावरचा दिवा मात्र ज्यांना कोणी वारस नाही, जे बुडाले, जे परगावी वारले, अशांनाही वाट दाखवतो. म्हणून त्यावर नाव असण्याची गरज नसते. कमळाच्या आकाराचा कागदी दिवा लाकडाच्या पातळ फळीवर बसवतात, मध्ये मेणबत्ती लावतात, आणि काठावर गुडघे टेकून तो हलकेच पाण्यात ढकलतात.

अरहायच्या उत्तरेस अरयुआन तालुका आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘अरहायचा उगम’ असा होतो, आणि तेथील त्सिबी तळ्यातले पाणी पुढे अरहायला मिळते. या तळ्यावरील दिव्यांचा मेळा तेविसाव्या दिवशी, म्हणजे साधारणपणे वद्य अष्टमीला भरतो. दिवसा स्त्रीपुरुष सवालजवाबाची गाणी गातात आणि अंधार पडल्यावर दिवे सोडतात. लोक त्याचा संबंध बायज्ये राणीशी लावतात. या भागातील नानचाओ या जुन्या राज्याचा राजा पिलुओगे याने शेजारच्या राजांना पाइनच्या लाकडांनी बांधलेल्या मनोऱ्यात मेजवानीला बोलावून जाळून मारले, अशी कथा आहे. त्यांपैकी तंगतान राज्याच्या राणीने, म्हणजे बायज्येने, निघताना पतीच्या हातात लोखंडी कडे घातले होते. राखेत उघड्या हातांनी उकरून तिने त्या कड्यावरून त्याचा देह ओळखला, आणि पिलुओगेने लग्नाची मागणी घातल्यावर पाण्यात उडी घेतली. तिचा देह शोधण्यासाठी लोक दिवे घेऊन होड्यांतून फिरले, तेच हे दिवे. सहाव्या महिन्यातील मशालींच्या सणाला मुली तेरड्याने नखे लाल रंगवतात, ती तिच्या रक्ताळलेल्या बोटांची आठवण मानली जाते. नानचाओने शेजारची राज्ये गिळली आणि ७३८ साली चीनच्या थांग दरबाराने पिलुओगेला युन्नानचा राजा म्हणून मान्यता दिली, हा इतिहास आहे. मनोऱ्याची आग मात्र लोककथेतली आहे. काही गावांत बायज्ये ही ‘पन्चू’, म्हणजे ग्रामदेवता आहे. बाय गावांचा पन्चू बहुधा कोणे एके काळी जगून गेलेला माणूसच असतो, त्यामुळे पितर आणि ग्रामदेवता यांच्यातील रेषा तेथे पुसट आहे.

अरहायमध्ये १९९६ आणि २००३ साली नीलहरित शैवालाची मोठी वाढ झाली, तर २०१७ मध्ये सरोवराचे पाणी वाचवण्यासाठी काठावरील शेकडो खाणावळी आणि अतिथिगृहे बंद करण्यात आली. त्यामुळे दिवा कशाचा आहे याला आता महत्त्व आले आहे. कागद आणि लाकूड पाण्यात कुजून जाते, पण प्लास्टिकची पाकळी आणि मेणाचे थर काठाशी साचून राहतात.