हृदय पाठवण्यापूर्वी: कोरोनरी धमन्यांच्या जन्मजात विकृतींविषयी

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची जी हृदये आमच्याकडे साचा (धमन्यांत रेझिन भरून केलेली प्रतिकृती) किंवा छेद (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे पातळ काप) तयार करायला येतात, त्यांतल्या बऱ्याच हृदयांची महाधमनी झडपेला लागूनच कापलेली असते. कोरोनरी धमन्यांच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या, महत्त्वाच्या विकृती तर उगमापाशीच असतात. म्हणजे जे पाहायचे, तेच कापून टाकले जाते.

महाधमनीच्या मुळाशी तीन फुगीर कप्पे असतात. डाव्यातून डावी, उजव्यातून उजवी कोरोनरी निघते आणि तिसरा रिकामा राहतो, ही नेहमीची रचना. विकृतीत दोन्ही धमन्या एकाच कप्प्यातून निघतात, कधी उगमाचे छिद्र एकच असते, तर कधी एखादी धमनी थेट फुप्फुसधमनीतून फुटते. माणसांत अशा विकृती सुमारे १ टक्का लोकांत सापडतात. बहुतेक निरुपद्रवी, पण डावी कोरोनरी उजव्या कप्प्यातून निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून गेली, तर ऐन तारुण्यात, खेळताना मृत्यू ओढवू शकतो.

या अभ्यासात सीरियन हॅमस्टरचे स्थान वेगळे आहे. स्पेनमधल्या मालागा विद्यापीठात या प्राण्यावर दीर्घकाळ काम झाले. त्याच्यात महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाळ्यांची असणे आणि कोरोनरीचा उगम चुकणे या गोष्टी बरेचदा जोडीने दिसतात. त्यामुळे हॅमस्टरचे हृदय असेल तर झडप पाहिल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. कोंबडी आणि लावा यांच्या भ्रूणांवरील प्रयोगांनी जुनी समजूतच उलटवली: कोरोनरी महाधमनीतून बाहेर फुटत नाही, बाहेरचे केशवाहिन्यांचे जाळे आत शिरून महाधमनीला जोडले जाते. ही जोडणी चुकीच्या जागी झाली की उगम चुकतो.

एक इशारा. माइस, रॅट आणि हॅमस्टर यांच्या कोरोनरी धमन्या मुख्यतः स्नायूच्या आतूनच धावतात. माणसात हे 'स्नायूचा पूल' म्हणून नोंदवतात; इथे ते स्वाभाविक आहे. माइसमध्ये हृदयाच्या मधल्या पडद्याची धमनी बरेचदा उजव्या कोरोनरीतून निघते, तीही विकृती नव्हे. मात्र डावी कोरोनरी बांधून इन्फार्क्टचे (रक्त न मिळाल्याने हृदयाच्या स्नायूचा भाग मरण्याचे) प्रयोग करत असाल तर हे फरक जरूर पाहा. इन्फार्क्टचा आकार प्राण्यागणिक का बदलतो, याचे एक कारण तिथे सापडेल.

साचा हवा की छेद, हे आधी ठरवा. साच्यासाठी महाधमनीतून उलट दिशेने रेझिन भरतो, ते घट्ट झाल्यावर ऊती पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवतो. धमन्यांचे झाड सुरेख मिळते, पण झडप उरत नाही. शिवाय एखादी धमनी फुप्फुसधमनीतून निघालेली असेल, तर महाधमनीतून भरलेले रेझिन तिच्या उगमापर्यंत पोहोचेलच असे नाही. शंका असेल तर आधी सांगा, दोन्हीकडून भरू. उगम आणि झडप दोन्ही पाहायची असतील तर सलग छेदच घ्या, वेळ जास्त लागला तरी.

महाधमनी आणि फुप्फुसधमनी, दोन्ही जमेल तितक्या लांब ठेवा. साच्यासाठीचे हृदय फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. त्यासाठी हृदय काढण्याआधीच आमच्याशी बोला. चिठ्ठीवर वाण, वय आणि लिंग लिहा, शक्य असल्यास आईबापांचा क्रमांकही.