वनहक्काचा दावा: खानापूर, जोयडा, हल्याळच्या जंगलातल्या गावांनी काय करावं

जंगलाच्या जमिनीत नाचणा, भात पिकवणाऱ्या कुटुंबाकडे त्या जमिनीचा म्हणून जो एकुलता एक कागद असतो, तो बहुधा दंडाची पावती असते. घरातले लोक ती लपवून ठेवतात, कारण हा अतिक्रमणाचा पुरावा आहे असं त्यांना सांगितलेलं असतं. वनहक्क कायद्यापुढे मात्र हीच पावती त्या वर्षी जमीन तुमच्या ताब्यात होती हे दाखवते. दंडाच्या पावत्या किंवा अतिक्रमणाच्या याद्या एवढ्यावरच दावा फेटाळता येणार नाही, असं नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. ती पावती जपून ठेवा आणि दाव्याला जोडा.

हा कायदा केंद्राचा आहे, 2006 चा. 31 डिसेंबर 2007 ला तो लागू झाला आणि सप्टेंबर 2012 मध्ये त्याचे नियम सुधारले. अभयारण्याची जमीनही त्यात येते, त्यामुळे भीमगडच्या आतल्या गावांनाही दावा करता येतो.

सगळ्यात आधी उतारा काढून बघा. जमीन जंगलखात्याची असेल, तरच हा कायदा लागतो. गायरान किंवा सरकारी पड असेल, तर वाट वेगळी: ती बगर हुकूम, म्हणजे परवानगीशिवाय कसलेली सरकारी जमीन नावावर करून घेण्याची, फॉर्म 57 वगैरेंची. दोन्हींची सरमिसळ झाली की अर्ज भलत्या टेबलावर वर्षानुवर्षं पडून राहतो.

पात्र कोण?

13 डिसेंबर 2005 या तारखेला जमीन प्रत्यक्ष ताब्यात असली पाहिजे आणि पोट जंगलावर, जंगलजमिनीवर अवलंबून असलं पाहिजे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला एवढं दाखवलं की पुरतं. सिद्दी समाज पूर्वी फक्त उत्तर कन्नडमध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत होता. 2020 च्या दुरुस्तीने बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतले सिद्दीही यादीत आले. जमातीची यादी राज्यागणिक वेगळी असते. चंदगडकडच्या पाहुण्यांचा महाराष्ट्राचा दाखला इथे कर्नाटकात चालत नाही.

बाकी सगळे, म्हणजे मराठा, कुणबी, आणि जमातीचा दाखला नसलेले गवळी-धनगर, ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गात येतात. त्यांना तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, दाखवावी लागतात. 13 डिसेंबर 1930 च्या आधीपासूनची. खानापूर भागातले दावे अडतात ते बहुतेक इथेच, आणि अडण्याचं कारण चुकीचं वाचन असतं. ही 75 वर्षं त्या भागातल्या वास्तव्याची आणि जंगलावरच्या अवलंबनाची आहेत. तोच तुकडा 75 वर्षं कसला पाहिजे, अशी अट नाही. तुकड्याचा ताबा 2005 च्या तारखेला होता एवढं पुरेसं आहे. ‘या सर्व्हे नंबरचा 1930 चा कागद आणा’ असं कुणी म्हणालं, तर ही मागणी कायद्यातली नाही, हे लेखी सांगा.

ग्रामसभा गावाची

दावा स्वीकारण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे, आणि ही ग्रामसभा म्हणजे त्या गावातले सगळे प्रौढ लोक. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत पाच-सात गावं, वाड्या असतात. सगळ्यांची मिळून पंचायतीत सभा घेतली, तर लांबच्या वाडीचे लोक पोचत नाहीत आणि कोरम बुडतो. सभा पंचायत बोलावते. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) अर्ज देऊन ती आपल्याच गावात लावून घ्या.

कोरम किती? गावात 240 प्रौढ असतील तर 120 हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका, म्हणजे इथे 40. दाव्यांवर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकी निम्मे तरी समोर हवेत. घरटी एक-दोघं गोव्याला कामाला असतात, म्हणून शिमग्याला किंवा चतुर्थीला माणसं गावी येतात तेव्हाच, सणाचा दिवस टाळून, सभा ठेवणं शहाणपणाचं. सह्या मागाहून गोळा केलेला ठराव वरच्या समितीत टिकत नाही.

पहिल्या सभेत 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडायची. तीत एक तृतीयांश महिला. गावात जमातीची कुटुंबं असतील तर दोन तृतीयांश सदस्य त्यांचे. ग्रामसभेने दावे मागवल्यापासून तीन महिन्यांत ते द्यायचे. गरज पडली तर ग्रामसभा मुदत वाढवू शकते. फॉर्म फुकट मिळतो. समितीकडून पोच घ्यायला विसरू नका.

नमुना अ आणि पुरावे

वैयक्तिक दाव्याचा नमुना ‘अ’. घराखालची जागा आणि कसण्याची जमीन वेगवेगळी लिहायची. ताब्यात असेल तेवढीच जमीन मागायची, जास्तीत जास्त 4 हेक्टर, म्हणजे साधारण 9 एकर 35 गुंठे. हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावे होतं, तेव्हा बायकोचं नाव पहिल्यापासून घाला. ही जमीन वारसांना जाते, विकता मात्र येत नाही.

पुरावे किमान दोन, आणि ते वेगवेगळ्या प्रकारचे असावेत. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती हे अलीकडच्या काळाला उपयोगी. जुन्या काळासाठी खानापूरच्या गावांनी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावचा खंड (1884) बघावा. हा जिल्हा 1956 पर्यंत मुंबईकडे होता आणि गॅझेटियर नियमांतच पुरावा म्हणून मोजलेलं आहे. त्यात आपलं गाव, समाज किंवा कुमरी (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या) शेतीचा उल्लेख सापडला, तर त्या पानाची प्रत जोडा. जुन्या उताऱ्यात आजोबा-पणजोबांचं नाव असेल, तर तिथपासून दावेदारापर्यंतची वंशावळ लिहून द्या.

कागद नसला तरी जमीन बोलते. जांभ्या दगडाचा शेवाळलेला बांध, सपाट केलेली खाचरं, विहीर, सातेरी-माउलीचं स्थान, मसणवट हे सगळे नियमांत धरलेले पुरावे आहेत. प्रत्येकाचा फोटो काढा, खाली जागा आणि तारीख लिहा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. तो माणूस स्वतः दावेदार नसावा, एवढंच. असे जबाब आधी घ्या. ही माणसं कायम राहणार नाहीत.

नावांकडे लक्ष द्या. मराठी नाव कानडीत जाऊन परत येताना बदलतं. रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरंच. ‘ही एकच व्यक्ती आहे’ असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडलं, तर पुढचा फेरा वाचतो. ठराव कानडीत असेल तर सह्यांआधी तो सभेत मराठीत वाचून घ्या आणि सर्व्हे नंबर, क्षेत्र ताडून पाहा.

पाहणी आणि पुढचा रस्ता

वनहक्क समिती जागेवर येण्याआधी जंगलखातं आणि महसूल, दोघांनाही लेखी कळवा आणि पोच ठेवा. त्यांनी हजर राहून सही करायची असते. ते आले नाहीत आणि पुढे त्याच कारणावर हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीला ग्रामसभेकडे येतो. दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. उपग्रहाचा फोटो पुराव्याला जोड म्हणून चालतो, बाकी पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

ठरावानंतर दावा असिस्टंट कमिशनरांच्या उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हा समितीकडे जातो. फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. ते हातात पडल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करा. जास्तीचे 30 दिवस समितीच्या मर्जीवर आहेत. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही.

शिकेकाई, मध, हिरडा, बांबू, गुरांची चराई अशा सामूहिक हक्कांसाठी नमुना ‘ब’, आणि गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याच्या, सांभाळण्याच्या हक्कासाठी नमुना ‘क’. याला 4 हेक्टरची मर्यादा नाही. वैयक्तिक दाव्यांच्या धावपळीत गावं हे दोन नमुने विसरतात, हे मोठं नुकसान आहे.

ग्रामपंचायतीसाठी: कलम 3(2)

पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागतं अशा गावांनी हे कलम जरूर वापरावं. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, वीज, पाण्याची पाइपलाइन, तळं, रस्ता अशा 13 सरकारी सोयींसाठी जंगलजमीन मिळू शकते. प्रत्येक कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. रस्ता 5 मीटर रुंद धरला, तर 2 किलोमीटरलाच हेक्टर भरतो. लांबी त्याच्या आत बसवा.

काम करणारं खातं किंवा पंचायत ठरलेल्या नमुन्यात प्रस्ताव करून ग्रामसभेपुढे ठेवते. निम्मे प्रौढ हजर असलेल्या सभेच्या ठरावासह तो रेंजरकडे जातो. रेंजरने तीन आठवड्यांत पाहणी करून डीएफओंकडे (विभागीय वनाधिकाऱ्यांकडे) पाठवायचा, त्यांनी चार आठवड्यांत निर्णय द्यायचा, आणि त्यांचं मत विरुद्ध पडलं तर प्रकरण जिल्हा समितीकडे. या कामांना 1980 च्या वनसंवर्धन कायद्याची परवानगी लागत नाही, पण सवलत त्या कायद्यापुरतीच आहे. भीमगडच्या हद्दीत वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते. तिचा अर्ज सोबतच लावा, नाहीतर ठराव होऊनही काम सुरू होत नाही.