नव्याने जुळवलेल्या संगणकावर डिस्प्ले न येणे

सुटे भाग जुळवून तयार केलेला डेस्कटॉप संगणक पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर काळाच राहतो किंवा 'नो सिग्नल' दाखवून विझतो. या अवस्थेला दुकानदार आणि कारागीर 'डिस्प्ले येत नाही' किंवा नुसतेच 'नो डिस्प्ले' म्हणतात. नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग करणारी कार्यालये, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ, अभियांत्रिकीचे विद्यार्थी असे बरेच जण आपापल्या कामाप्रमाणे भाग निवडून संगणक जुळवतात. काही भाग शहरातल्या दुकानातून, काही ऑनलाइन, तर काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात. त्यामुळे हे भाग एकमेकांसोबत पहिल्यांदाच चालणार असतात. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे चांगला असूनही जोडणीतल्या एखाद्या चुकीने पडदा काळा राहतो. म्हणून नव्या जुळणीत 'मदरबोर्ड गेला' हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढावा.

चालू होताना काय घडते

बटण दाबल्यावर एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, विजेचे दाब स्थिर करतो आणि तसा इशारा मदरबोर्डला देतो. मग प्रोसेसर बायॉसमधल्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेल्या, सुरुवातीच्या सूचना वाचू लागतो, रॅम तपासतो, ग्राफिक्स जागे करतो, आणि त्यानंतरच पडद्यावर पहिले चित्र उमटते. या तपासणीला पोस्ट म्हणतात. साखळीतली कोणतीही कडी चित्राच्या आधी तुटली की बाहेरून दिसणारे लक्षण एकच, काळा पडदा. पंखे फिरतात यावरून फक्त १२ व्होल्टचा पुरवठा तिथवर पोचतो एवढेच कळते. प्रोसेसर कामाला लागला की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

हार्ड डिस्क, एसएसडी किंवा विंडोज नसल्यामुळे डिस्प्ले जात नाही. रिकामा संगणकही बायॉसचा पडदा दाखवतो. त्यामुळे या तक्रारीवर विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला व्यर्थ आहे.

आधी बाहेरचे पाहावे

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावायची असते. सवयीने ती वरच्या बाजूला, मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये जाते. कार्ड बसवलेले असताना बरेच बोर्ड आपले स्वतःचे आउटपुट बंद ठेवतात. कार्ड नसेल तर उलट प्रश्न येतो: प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे, उदाहरणार्थ कोअर आय५ १२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसते. साध्या १२४०० मध्ये असते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नसते, ५६००जी मध्ये असते. नव्या एएम५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) बहुतेक रायझनमध्ये कामापुरते ग्राफिक्स आहे, पण ७५००एफ त्याला अपवाद. बोर्डावर एचडीएमआयचे भोक दिसते म्हणून चित्र येईलच असे नाही. पैसे देण्याआधी हे एक अक्षर नीट वाचले, तर दुकानाची एक फेरी नक्की वाचते.

मॉनिटरचा इनपुट हाताने निवडून पाहावा. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर साधी केबल चालत नाही, एचडीएमआयचे व्हीजीए करणारा, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. शंका मिटत नसेल तर घरातला टीव्ही दुसऱ्या केबलने जोडून पाहावा.

थांबण्याची वेळ

डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमचे संगणक, विशेषतः एएम५ वरचे, पहिल्यांदा चालू करताना रॅमचे वेळापत्रक स्वतः जुळवून घेतात. त्या वेळी पडदा काळा असतो, पंखे फिरत असतात, बोर्डावरचा रॅमचा दिवा लागलेला असतो आणि मधूनच संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. याला काही मिनिटे लागतात, रॅम जास्त असेल तर दहा-पंधराही. इथे घाबरून बटण दाबून धरले की जुळवणी अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. घड्याळ लावून पंधरा मिनिटे हात न लावता थांबावे. बायॉस रिसेट केल्यानंतरही हेच घडते.

वायरी आणि रॅम

एसएमपीएसची २४ पिनांची मोठी जोडणी सगळे लावतात. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली, प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची वायर मात्र राहून जाते, कारण कॅबिनेटमध्ये मोठा कूलर बसवल्यावर तिथे बोट पोचत नाही. ती नसेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. ही वायर ४ आणि ४ अशी दुभंगते आणि तिच्यावर 'सीपीयू' लिहिलेले असते. ग्राफिक्स कार्डाची वायर ६ आणि २ अशी दुभंगते. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, पण जोर लावला तर चुकीची वायरही अर्धीमुर्धी शिरते, म्हणून जोर लावू नये. सुट्या वायरींच्या, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. टोक बसले तरी आतली मांडणी वेगळी असते आणि भाग जळतात.

ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनांतून आणखी ७५ आणि ८ पिनांतून १५०. कार्डावर जोडणीची जागा असेल तर ती भरलीच पाहिजे.

रॅम हे नव्या जुळणीतले पहिले संशयित. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, एकच असेल तर दुसऱ्यात. हल्लीच्या पुष्कळ बोर्डांवर स्लॉटला एकाच बाजूला खटका असतो. त्या बाजूचा 'खट्' ऐकून माणूस थांबतो आणि दुसरे टोक दीड-दोन मिलिमीटर वर राहते. वरून पाहिल्यास पट्टी बसलेली वाटते. डोळा पट्टीच्या पातळीवर आणून पाहिले की सोनेरी टोकांची बारीक तिरकी रेघ स्लॉटबाहेर दिसते. दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्यावा, बोर्ड किंचित लवेल इतका. जुन्या रॅमची टोके खोडरबराने पुसण्याची पद्धत आहे. नव्या पट्टीला त्याची गरज नसते.

शॉर्ट, पिना आणि बायॉस

बटण दाबल्यावर पंखा पाव फेरा फिरून थांबत असेल तर एसएमपीएसने शॉर्ट ओळखून पुरवठा तोडला आहे. कॅबिनेटमधले पितळी स्पेसर, म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब, पाहावेत. मोठ्या एटीएक्स बोर्डासाठी आधीच बसवलेला एखादा स्पेसर छोट्या मायक्रो एटीएक्स बोर्डाच्या भोकाखाली न येता सोल्डरखाली येतो. मागच्या पत्र्याची, म्हणजे आयओ शील्डची, एखादी जीभ एचडीएमआय किंवा लॅनच्या भोकात शिरलेली नाही, हेही बोट फिरवून तपासावे.

प्रोसेसरच्या पिना हा सगळ्यात महागडा दोष. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये त्या १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात. एएम४ चा कूलर सरळ वर ओढला की दोघांमधली थंड झालेली पेस्ट प्रोसेसरलाही सोबत उपटते. म्हणून संगणक थोडा गरम झाल्यावर बंद करून, कूलर डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवावा. वाकलेली पिन सहसा वॉरंटीत बसत नाही. नवा बोर्ड दुकानातच उघडून सॉकेटचा स्पष्ट फोटो काढावा. ही काळजी दोन्ही बाजूंच्या हिताची आहे. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले तरी प्रोसेसर तिरका दबून रॅमची एक बाजू दिसेनाशी होते. स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे आवळावेत.

बोर्ड गोदामात बराच काळ पडलेला असेल तर त्याचे बायॉस नंतर आलेल्या प्रोसेसरला ओळखत नाही. बी४५० बोर्डावर रायझन ५००० किंवा बी६६० वर इंटेलचा तेराव्या पिढीचा कोअर, ही नेहमीची उदाहरणे. बोर्डावर बायॉस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर प्रोसेसरशिवायही काम होते: फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नावाने फाइल टाकायची, नेमलेल्या पोर्टमध्ये लावायची, २४ आणि ८ पिनांच्या वायरी जोडून बटण दाबायचे. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे.

तपासाचा क्रम

बोर्डावर चार बारीक दिवे असतील तर अर्धे काम झाले. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट या क्रमाने ते लागतात आणि ज्याच्यावर संगणक अडकला तो लागलेलाच राहतो. दिवे नसतील तर चार पिनांचा छोटा स्पीकर लावून बीप ऐकावेत.

त्यानंतर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि गरज असेल तरच ग्राफिक्स कार्ड, एवढेच लावावे. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले की संगणक चालू होतो. इथे डिस्प्ले आला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढलेल्या भागांत आहे. नाही आला तर रॅमची दुसरी पट्टी, दुसरा स्लॉट असे एका वेळी एकच बदलत जावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारले ते कळत नाही.

सीमॉस, म्हणजे बायॉसच्या सेटिंग्जची साठवण, साफ करण्यासाठी मागची विजेची केबल काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरावे, मग सीआर२०३२ सेल पाच मिनिटे बाहेर ठेवावा. एसएमपीएसचा संशय असेल तर मल्टिमीटरने पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळाले पाहिजेत. एसएमपीएसचे झाकण उघडू नये. आतले कपॅसिटर विजेची केबल काढल्यावरही भारलेले असतात.

नाशिकची परिस्थिती

जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या काही जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे अर्थिंगची तार नसते. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर दोन्ही तारांकडून बॉडीला जोडलेले असल्याने अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर २३० च्या साधारण निम्मा दाब येतो. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या यामुळे. अशा अवस्थेत चालू संगणकात एचडीएमआय केबल लावली तर पोर्ट जळू शकतो. वायरमनकडून अर्थिंग करून घेणे हाच उपाय. थंडीत निफाडच्या पट्ट्यात किमान तापमान एक आकडी होते आणि हवा कोरडी असल्याने अंगावर स्थिर वीज साचते, तेव्हा लोकरी स्वेटर घालून रॅम हाताळू नये.

मुंबईहून जुळवून आणलेला संगणक कसारा घाटाच्या वळणांवर हलतो आणि जड ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून अर्धे बाहेर येते. प्रवासात कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवावे. तसे केले नसेल तर चालू करण्याआधी झाकण उघडून कार्ड आणि रॅम दाबून घ्यावी.

डिस्प्ले आल्यावर

रॅमचा वाढीव वेग देणारे एक्सएमपी किंवा एक्स्पो हे पर्याय पहिल्या दिवशी चालू करू नयेत. आधी मूळ वेगावर विंडोज बसवावी, मग ते चालू करावेत. त्यानंतर पुन्हा पडदा काळा झाला तर बोर्ड सहसा काही प्रयत्नांनंतर जुन्या वेगावर परततो. नाही परतला तर सीमॉस साफ करून वेग एक पायरी खाली निवडावा.