पडद्यावरचं कलादालन : ऑनलाइन प्रदर्शनांची पार्श्वभूमी

कोल्हापूरला पडदा नवा नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले, तेव्हा सपाट कापडावर महाल उभे राहत आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही त्यातली खोली पटत असे. आज मोबाइलवर ‘व्हर्च्युअल गॅलरी’ उघडली की पांढऱ्या भिंती, लाकडी फरशी आणि वरून पडणारा दिव्याचा झोत दिसतो. जातकुळी तीच. पडदा बघताना जो प्रश्न विचारायचा तोच इथेही विचारावा लागतो : यात देखावा किती आणि चित्र किती?

इंटरनेटवर चित्रं आणणाऱ्या सुरुवातीच्या साइटपैकी एक उभी राहिली ती एका विद्यार्थ्याच्या खटपटीतून. १९९४मध्ये फ्रान्समधल्या निकोला पिओशने ‘वेबलूव्र’ नावाची साइट सुरू केली. लूव्र संग्रहालयाने नावाला हरकत घेतल्यावर तिचं ‘वेबम्युझियम’ झालं. तिथे चित्राचा फोटो आणि सोबत मजकूर, एवढाच मामला होता. त्याच दशकात दुसरा प्रवाह सुरू झाला : इंटरनेटसाठीच केलेली, भिंतीवर टांगताच न येणारी कला. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २००३मध्ये लंडनच्या टेट या कलासंग्रहालयासाठी केलेली कलाकृती याच प्रवाहातली. नेटवर्कची केबल वेगवेगळ्या धर्मस्थळांत नेऊन तिच्यावर आशीर्वाद घेतले आणि ते ‘आशीर्वाद’ वेबसाइटवरून लोकांना उपलब्ध करून दिले. अशा कामाचा मूळ मुक्काम स्क्रीनच असतो. तैलचित्राचं तसं नाही, त्याचा फोटोच पोचतो. समकालीन कला ऑनलाइन बघताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा, नाहीतर दोन्हींवर अन्याय होतो.

बाजारही लवकरच इकडे वळला. मुंबईत २०००मध्ये सुरू झालेल्या सॅफ्रनआर्टने भारतीय चित्रांचे लिलाव ऑनलाइन आणले. जानेवारी २०११मध्ये ‘व्हीआयपी आर्ट फेअर’ हा पूर्णपणे ऑनलाइन कलामेळा भरला. गर्दीने त्याची चॅटची सोय कोलमडली, पण एक गोष्ट त्यांनी अचूक हेरली होती : चित्राशेजारी माणसाची आकृती दाखवली, म्हणजे आकाराचा अंदाज यावा. पुढच्याच महिन्यात गूगल आर्ट प्रोजेक्ट १७ संग्रहालयांसह सुरू झाला. प्रत्येक संग्रहालयातलं एक चित्र सुमारे सात अब्ज पिक्सेलमध्ये टिपलं होतं. व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’मधला रंगाचा थर, दोन फटकाऱ्यांमधून डोकावणारं उघडं कॅनव्हास, हे सगळं त्यात दिसतं. प्रत्यक्ष संग्रहालयात इतक्या जवळ कोणी जाऊ देत नाही. २०१२मध्ये दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयही त्यात आलं.

मग मार्च २०२० आला. हाँगकाँगचा ‘आर्ट बाझल’ हा कलामेळा रद्द झाला होता आणि २३५ गॅलऱ्यांनी आपली कामं ऑनलाइन दालनांत मांडली. उघडताक्षणी साइट काही वेळ बंद पडली. भारतातल्या गॅलऱ्यांनीही एकत्र येऊन ऑनलाइन प्रदर्शनं भरवली. कोल्हापुरातून मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं प्रदर्शन बघायचं म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसची एक रात्र जाताना, एक येताना. दळवीज किंवा कलानिकेतन या इथल्या कलाशाळांमध्ये शिकणाऱ्या मुलांना ते दर महिन्याला कुठून परवडणार? त्यांच्या हातातल्या फोनवर एकदम दिल्ली, मुंबई, हाँगकाँग आलं. हा लाभ खरा आहे आणि मोठा आहे.

आता सुरुवातीला सांगितलेल्या, पांढऱ्या भिंतींच्या त्रिमितीय खोलीबद्दल. ती तयार करून देणाऱ्या सेवा बऱ्याच आहेत. फोटो चढवायचा, मापं भरायची, भिंत निवडायची. सगळ्यात जास्त चूक मापांत होते. आपले चित्रकार कॅनव्हास इंचांत मोजतात आणि या सेवा बहुधा सेंटिमीटर मागतात. ३६ × ४८ इंचांचं चित्र ३६ × ४८ सेंटिमीटर म्हणून भरलं गेलं की ते अडीच पट आक्रसतं आणि भल्यामोठ्या भिंतीवर कॅलेंडरसारखं लटकतं. बरोबर आकडे ९१.४ × १२१.९. दुसरी अडचण वजनाची. ४००० × ३००० पिक्सेलचा जेपीजी फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा असतो, पण खोलीत टांगताना तो उलगडला जातो आणि मेमरीत ४८ एमबी व्यापतो. अशी ३० चित्रं म्हणजे जवळपास दीड जीबी. साधा फोन तापतो, ब्राउझर पान पुन्हा लोड करतो, प्रेक्षक निघून जातो. खोलीसाठी २०४८ × १५३६ची प्रत ठेवली तर एक चित्र साडेबारा एमबीत बसतं. मोठी प्रत वेगळी द्यावी, झूम करून बघण्यासाठी. खरं तर चांगला फोटो आणि नीट झूम एवढंच असलं तरी चालतं; बहुतेक खोल्या निव्वळ नेपथ्य असतात.

फोटोवर मात्र सगळं उभं असतं. चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत एकसारखे दोन दिवे, कॅमेऱ्याची लेन्स चित्राच्या बरोबर मध्यावर. फोनची वाइड लेन्स वापरू नये, कडा फुगतात. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की अर्धं चित्र निळसर, अर्धं पिवळट येतं. व्हार्निशची चमक दिवे बाजूला सरकवून किंवा पोलरायझिंग फिल्टरने कमी होते. फाइल एसआरजीबी या बहुतेक स्क्रीनना चालणाऱ्या रंगपद्धतीत द्यावी, नाहीतर काही स्क्रीनवर रंग मेल्यासारखे दिसतात. राजारामपुरीतल्या संग्रहालयात चंद्रकांत मांढरे यांची पावडर शेडिंगची चित्रं ज्यांनी बघितली आहेत त्यांना मऊ छटा म्हणजे काय ते ठाऊक आहे. असल्या छटा व्हॉट्सॲपच्या साध्या फोटोत दाबल्या गेल्या की आकाशात पट्टे पडतात. असे फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावेत.

बघणाऱ्यानेही थोडी तयारी करावी. फोनचा रात्रीचा पिवळा मोड बंद करावा. आधी चित्राचं माप वाचावं आणि टेप घेऊन घरच्या भिंतीवर तेवढा चौकोन बघावा. पाच फूट बाय चार फूट हे हातातल्या स्क्रीनवर कधीच कळत नाही. चित्रकार स्वतः बोलत दाखवतो तो थेट कार्यक्रम मिळाला तर तो सोडू नये, कारण कडेने कॅमेरा फिरला की रंगाचा थर दिसतो. आयोजकांसाठी दोन गोष्टी : झूम या व्हिडिओ-बैठकीच्या ॲपच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, आणि व्हिडिओ-कलेचा आवाज झूमला गोंगाट वाटून तो कापला जातो, म्हणून ‘ओरिजिनल साउंड’ची सोय सुरू करावी.

या प्रदर्शनांचं आयुष्य फार कमी आहे, हे मात्र मनाला लागतं. ब्राउझरमध्ये हलती चित्रं चालवणाऱ्या ‘फ्लॅश’ या सॉफ्टवेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यावर केलेली कित्येक कामं उघडेनाशी झाली. मोझिलाने ‘हब्स’ ही आपली त्रिमितीय खोल्यांची सेवा ३१ मे २०२४ रोजी बंद केली. शाहू स्मारक भवनात भरलेल्या प्रदर्शनाची निदान छापील पत्रिका कुणाच्या तरी कपाटात राहते. ऑनलाइन प्रदर्शन भरवणाऱ्याने मोठ्या प्रतींचे फोटो, मापं आणि माध्यमांची यादी, भिंतीवरचा मजकूर आणि खोलीतून फिरतानाचं दहा मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग, एवढं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उद्घाटनाच्या दिवशीच ठेवावं.