प्लॅटफॉर्मनिहाय पॅच

एकच सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स, मॅकओएस अशा निरनिराळ्या प्रणालींवर चालते, तेव्हा त्यांतल्या एखाद्याच प्रणालीवर दिसणाऱ्या दोषासाठी केलेली दुरुस्ती. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढण्याचा दिवस, तोंडावर आल्यावर असा पॅच घ्यायचा की थांबवायचा, हा या व्यवसायातला नेहमीचा वाद.

पॅच म्हणजे ठिगळ, आणि सुरुवातीला ते अक्षरशः ठिगळच होते : छिद्रांच्या कागदी फितीवर चूक सापडली की तेवढ्या जागी कागद चिकटवत. पुढे १९७४ साली युनिक्स या प्रणालीत आलेल्या ‘डिफ’ या प्रोग्रॅमने दोन फायलींतला फरक ओळींनिशी काढता येऊ लागला. तो फरक दुसऱ्याच्या प्रतीवर बसवणारा ‘पॅच’ हा प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला.

सातारा-सांगलीकडे या विषयाचे उत्तम उदाहरण म्हणजे साखर कारखान्याचे सॉफ्टवेअर. इथली डेडलाइन कॅलेंडरपेक्षा गव्हाण, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकायची जागा, ठरवते. बॉयलर पेटला, मोळी पडली की काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. त्या दिवशी ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणून चालत नाही. समजा, हंगामाच्या आदल्या आठवड्यात तीन दोष हाती आले.

पहिला काट्याचा. वजनाचा आकडा सीरियल पोर्टवरून संगणकात येतो. विंडोजमध्ये या पोर्टांना कॉम १, कॉम २ अशी नावे असतात; कॉम १ ते कॉम ९ नुसत्या नावाने उघडतात. कॉम १० पासून पुढे नावाआधी दोन तिरप्या रेघा, टिंब आणि आणखी एक रेघ लावावी लागते. यूएसबीचा अडॅप्टर एका खाचेतून दुसरीत लावला की नवा क्रमांक मिळू शकतो, आणि काल चालणारा काटा आज मुका होतो.

दुसरा पैशांचा. सी भाषेतला ‘लाँग’ हा पूर्णांक साठवायचा प्रकार ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटचा, तर ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचाच असतो. रक्कम पैशांत साठवली तर विंडोजवर मर्यादा येते २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांची. टनाला ३,००० रुपये धरले तर साधारण ७,१५० टनांनंतर एकूण बेरीज उणे दिसू लागते. लिनक्सवर मात्र काहीच बिघडत नाही.

तिसरा ‘कऱ्हाड’चा. (चाचणीसाठी याहून चांगले गावाचे नाव शोधून सापडणार नाही.) युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सामाईक संकेतावलीत, इथला ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो, ‘र’ला नुक्ता (खालचे टिंब) जोडून लिहिता येतो, शिवाय र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही हेच रूप उमटते. डोळ्यांना तिन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावे साठवताना पहिल्या रूपाचे दुसरे करत असे. लिनक्स नाव बाइटनुसार ताडून पाहते. त्यामुळे तालुक्याच्या नावाची अहवाल-फाइल समोर दिसत असूनही ‘सापडत नाही’.

गांभीर्याने पाहिले तर पैशांचा दोष सर्वांत वाईट, म्हणून तो आधी घ्यावासा वाटतो. इथेच पुष्कळांचा हात चुकतो. ‘लाँग’ बदलायचा म्हणजे सर्व प्रणालींच्या सामाईक कोडला हात लावायचा. नाव विंडोजचे, पण बिघाड झाला तर लिनक्सवरच्या सर्व्हरचाही. सगळीकडे पुन्हा चाचणी केल्याशिवाय तो आत घेणे धोक्याचे. उलट कॉम १० चा पॅच फक्त विंडोजसाठीच्या एका फाइलीत, एका ओळीत बसतो; त्याने दुसरीकडे काही मोडत नाही आणि काटा पहिल्या गाडीलाच लागतो. तो घ्यावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात, म्हणजे बिलाच्या दुरुस्तीला काही दिवस हाती आहेत. ती पुरती तपासून रिलीजनंतरच्या पहिल्या छोट्या आवृत्तीत द्यावी. कऱ्हाडचा दोष रिलीज नोट्समध्ये ‘ज्ञात दोष’ म्हणून लिहावा आणि तोवर फाइलीला तालुक्याचा क्रमांक द्यावा.

मोठ्या प्रकल्पांत हा निर्णय व्यक्तीवर न सोडता वेळापत्रकात बांधतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नवे बदल घेण्याची खिडकी दोन आठवडे उघडी असते; नंतर दर आठवड्याला एक चाचणी-आवृत्ती निघते आणि तिच्यात मुख्यतः दुरुस्त्याच जातात. डेबियन या लिनक्स-आधारित प्रणालीत रिलीजआधी ‘फ्रीज’ लागतो, म्हणजे नवे बदल घेणे आवरते.

घाईत घेतलेला पॅच बहुधा रिलीजच्या ब्रँचवरच, म्हणजे त्या आवृत्तीसाठी वेगळ्या काढलेल्या कोडच्या शाखेवरच, राहतो. मुख्य ब्रँचमध्ये तो नेला नाही, तर पुढच्या हंगामात गव्हाणीपाशी तोच काटा पुन्हा मुका होतो.