बेंचमार्क: भूमापनातील तलचिन्ह

बेंचमार्क किंवा तलचिन्ह म्हणजे ठरावीक आधारपातळीपासूनची उंची पक्की ठाऊक असलेला, जागचा न हलणारा बिंदू. संगणकाच्या वेगापासून म्युच्युअल फंडाच्या परताव्यापर्यंत आज हा शब्द तुलनेचा मापदंड म्हणून चालतो; मूळ मात्र भूमापनात. दगडी भिंतीत आडवी खाच कोरायची, तीत लोखंडी कोनपट्टी बसवायची आणि तिच्यावर मापनपट्टी, म्हणजे स्टाफ, उभी करायची अशी जुनी रीत होती. ब्रिटनमधील जुन्या इमारतींवर अशी खाच आणि तिच्याखाली बाण अजून दिसतो.

भारतात सर्वांत भरवशाचे ते भारतीय सर्वेक्षण विभागाचे जीटीएस, म्हणजे ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेचे, बेंचमार्क. किनाऱ्यावरील नऊ केंद्रांच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून मध्यम समुद्रपातळी धरून १९०९ मध्ये देशाचे लेव्हलिंगचे, म्हणजे उंची मोजण्याचे, जाळे जुळवले गेले. त्यावरून पाटबंधारे, रेल्वे, रस्ते यांचे कायम बेंचमार्क बांधतात आणि कामापुरता साइटवर टीबीएम, म्हणजे तात्पुरता बेंचमार्क, करतात.

पातळी उचलण्याचे गणित सोपे आहे. बेंचमार्कची पातळी ५५२.३४० मी. आणि त्यावरील बॅकसाइट, म्हणजे तिथे उभ्या स्टाफचे उपकरणाच्या दुर्बिणीतून घेतलेले वाचन, १.२६५ असेल तर उपकरणाची (दृष्टिरेषेची) उंची ५५३.६०५ मी. येते. नव्या बिंदूवर फोरसाइट, म्हणजे तिथल्या स्टाफचे वाचन, २.४१० आली की त्याची पातळी ५५१.१९५ मी. उपकरणापासून दोन्ही बाजूंच्या स्टाफची अंतरे जवळपास समान ठेवावीत, म्हणजे दुर्बिणीच्या दृष्टिरेषेतला दोष आपोआप वजा होतो. शेवटी मूळ बेंचमार्कवर परत येऊन फेरा बंद करायचा; अचूक कामात फरक ±१२√कि. मिलिमीटरच्या आत हवा (कि. म्हणजे फेऱ्याची किलोमीटरमधील लांबी). सर्व बॅकसाइट वजा सर्व फोरसाइट म्हणजे शेवटची वजा पहिली पातळी, ही पडताळणी फक्त आकडेमोडीची चूक दाखवते. चुकीचे वाचन तिला कळत नाही, हे अनेकदा विसरले जाते.

चुका बहुधा खुणेच्या जागेपासूनच सुरू होतात. काळ्या मातीत ठोकलेली खुंटी पावसाळ्यात फुगून वर येते, उन्हाळ्यात खाली बसते. नव्या इमारतीचे जोते खचत असते, तरी त्याच्यावरच रंगाने टीबीएम लिहिलेला आढळतो. जेसीबीच्या वाटेतली खुंटी तर टिकतच नाही. म्हणून जुन्या पुलाचा पक्का कठडा किंवा उघडा कातळ निवडावा आणि कामाच्या हद्दीबाहेर किमान दोन टीबीएम ठेवावेत. एक हलला तर दुसरा सांगतो. स्टाफच्या नळ्या पूर्ण ओढून खटका बसला का तेही पाहावे, आणि स्टाफ पुढे-मागे डोलवून सर्वांत कमी वाचन घ्यावे, कारण तिरक्या स्टाफवरचे वाचन नेहमी जास्त येते.

सर्वांत महागडी चूक आधारपातळीची, म्हणजे डेटमची. मुंबई महापालिकेची गटारे-रस्त्यांची कामे टाउन हॉल डेटम या शहराच्या स्थानिक आधारपातळीवर चालतात, बंदराचे काम चार्ट डेटमवर (ओहोटीच्या नीचतम पाणीपातळीवर), नकाशे मध्यम समुद्रपातळीवर. जीपीएसची कच्ची उंची तर पृथ्वीच्या आकारासाठी धरलेल्या गणिती लंबगोलाकृती पृष्ठापासून मोजलेली असते. मुंबई-पुण्याकडे ती समुद्रपातळीवरील उंचीपेक्षा साठ-पासष्ट मीटरने कमी भरते. त्यामुळे नकाशावर नुसती पातळी लिहून भागत नाही. शेजारी डेटमचे नाव, खुणेचे वर्णन आणि पातळी कोणत्या बेंचमार्कवरून आणली ते लिहिलेच पाहिजे.